अथेन्सच्या सभेत कोण नव्हतं?



कुरखेड्यात बसून ग्रीस-रोमबद्दल काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. मलाही वाटायचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत अथेन्सचं नावही निघालं नाही. ‘युनानी दवाखाना’ ही पाटी मात्र लहानपणापासून वाचत होतो. युनानी म्हणजे ग्रीक, हे फार उशिरा कळलं.

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत आले. गॅलेनचं वैद्यक अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता, त्याला आश्रय देणारे खलिफा मुसलमान. ॲरिस्टॉटलला तर अरबी विद्वान ‘पहिला गुरू’ म्हणत. ज्ञान आपलं की परक्याचं, यावर ते अडून बसले नाहीत.

हाच ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये मात्र परका होता. तिथे शिकला, तिथेच शाळा काढली. पण मताचा हक्क नाही, जमीन घेण्याचा नाही. इ.स.पू. 451 च्या कायद्याने आई-बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व मिळे. रोमने वेगळी वाट धरली. इ.स. 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने, गुलाम वगळता, साम्राज्यातल्या जवळजवळ सर्वांना नागरिक केलं. आजोबांचा जन्मदाखला शोधताना ज्यांच्या घरातली झोप उडाली, त्यांना हा इतिहास जुना वाटणार नाही.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. अथेन्सच्या सभेत कुणीही नागरिक उठून बोलू शके. महत्त्वाच्या काही निर्णयांना 6,000 जणांची हजेरी लागे. त्यात बाई एकही नसे. आपल्या मशीद कमिटीच्या बैठकीत किती असतात? 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला, तो याच प्रश्नासाठी: आमच्या संसाराचे निर्णय आम्हाला वगळून का?

सभा कशी असावी हे पाहायला ग्रीसला जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा आहे. तिथल्या ग्रामसभेत बाया-पुरुष एकत्र बसतात आणि बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवतात. 2009 मध्ये त्या गावाने जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला.

सॉफ्टवेअर तपासताना आम्ही आधी बघतो, यातून काय सुटलं? इतिहासही तसाच वाचा. आणि पुढच्या बैठकीला बसलात की आजूबाजूला पाहून विचारा, इथे कोण नाही?