खचलेल्या माणसाशी बोलायचं कसं?

(कामठा, जि. गोंदिया येथील बैठकीत केलेले भाषण)



कामठ्याचा हा मुलूख धानाचा. तुमच्यातले बरेचजण मात्र कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेले आहेत. तिकडे शेतकऱ्याने जीव दिला की साहेब लोक म्हणतात, त्याला समुपदेशनाची गरज होती. आपण म्हणतो, गरज भावाची होती. आपलं म्हणणं खरंच आहे. कर्जात बुडालेल्याला 'चांगले विचार करा' म्हणणं हा नुसता उपदेश. त्याला समुपदेशन म्हणत नाहीत.

पण मन एकदा आजारी पडलं की पुढचा हंगाम चांगला गेला तरी ते आपोआप बरं होतंच असं नाही. झोप उडते, घास उतरत नाही, आपण घराला ओझं झालो असं वाटतं. दोन आठवडे रोज असंच चाललं, तर तो आळस नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

उपचाराचे मार्ग अनेक. एक विचारांचा. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी तो १९५५ च्या सुमारास मांडला, कि. मो. फडके यांनी तो मराठी माणसापर्यंत आणला. 'पीक आलंच पाहिजे, नाही तर मी नालायक' हे वाक्य तपासून पाहा. पीक बुडालं, नुकसान झालं, हे खरं. पण त्यात मी नालायक कसा? पाऊस काय माझ्या हुकमानं पडतो? नुकसान नाकारायचं नाही. स्वतःला घातलेली शिवी तेवढी काढायची.

दुसरा मार्ग हातांचा. खचलेला म्हणतो, उमेद आली की उठेन. इथे आधी उठायचं: आज बैलांना पाणी, उद्या बांधापर्यंत चक्कर. उमेद मागून येते. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा ते आठ बैठकांत हे केलं. त्याचा गुण आल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

तिसरा सोबतीचा. दारू सोडलेला माणूस दारू सोडू पाहणाऱ्याला हात देतो. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून अशा गटांचा आधार घेत आलं आहे. आणि आजार जास्त असेल तर डॉक्टरची गोळी लागते. त्यात लाज कसली?

हे आपल्या खेड्यात जमेल का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावात आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्या पाठीशी समुपदेशक, आणि गरज असेल त्याच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण मदत घेत. दीड वर्षाने हा आकडा २७ वर गेला. म्हणजे माणसं बोलायला तयार असतात. दार जवळ पाहिजे.

आता आपलं काम. शेजारी गप्प झाला, तर त्याच्याजवळ बसा. त्याचं पुरतं ऐका, मधेच शहाणपण शिकवू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि त्याला दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. आणि घरच्या बाईलाही विचारा. घर तीही ओढते, पण तिला कोणी विचारत नाही.

भाव मागायला आपण रस्त्यावर बसतोच. तो मिळेल त्या दिवशी आपला प्रत्येक माणूस तो घ्यायला जिवंत असला पाहिजे.