मुदत अपघाताच्या दिवसापासून

मैत्रिणींनो, पाथर्डी-शेवगावकडून दरसाल टोळ्या ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवराबायको दोघं, पण उचल नवऱ्याच्या नावावर. मोळी चढवताना बाई पडली, कंबर मोडली, की मुकादम म्हणतो, "पट्टा पडला की बघू." उचल फिटत नाही, पुढचा हंगाम येतो. मुदत मात्र अपघाताच्या दिवसापासूनच मोजतात.

1923च्या नुकसानभरपाई कायद्यात दाव्याला दोन वर्षं होती; मृत्यू झाला तर मृत्यूच्या तारखेपासून. 21 नोव्हेंबर 2025पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली. तरी आपण दोन वर्षांचंच गणित धरावं. सबळ कारण असेल तर उशिराचा अर्जही घेतात, पण ते कारण पटवायचं आपणच.

मुकादमाआड मुख्य मालकाला लपता येत नाही, ही तरतूद जुनीच. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बाई त्या दिवशी फडात होती, याचा कागदच नसतो! म्हणून केसपेपरवर 'ऊस भरताना पडली' असंच लिहून घ्या, तारखेसकट. 'घरी पडली' लिहू देऊ नका. मालकाला लगेच लेखी कळवा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती बाईच्या हातात द्या.