दारामागे कोण?

‘सीआयडी’च्या चाहत्यांना आवडता प्रसंग विचारला, की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: एसीपी प्रद्युम्न हुकूम देतात आणि दया दार तोडतो. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चाललेली आणि डिसेंबर २०२४मध्ये परतलेली ही मालिका. कुणाला प्रयोगशाळेतली डॉ. साळुंखे आणि एसीपींची कुरबुर आवडते, तर कुणाला २००४ साली एकही कट न घेता चित्रित केलेला १११ मिनिटांचा भाग.

पण दार मोडले, की टाळ्या का पडतात? कारण त्यामागे गुन्हेगार असतोच. लेखकानेच त्याला तिथे बसवलेले असते. आपल्या वस्तीतल्या बंद दारामागे कोण आहे, हे मात्र आधी ठाऊक नसते. तिथे पुरावा लागतो, न्यायालय लागते.

मला मोठा वाटतो तो दुसराच प्रसंग. गुन्हेगारीकडे वळलेल्या स्वतःच्या मुलावर, नकुलवर, प्रद्युम्न गोळी झाडतात. शिवाजी साटमांचा बाप तिथे दिसतो आणि टाळी वाजवायला हात उठत नाही. परक्याच्या दारावर लाथ बसते, तोवर कायदा सोपा वाटतो. तो आपला उंबरा ओलांडून आत आला, की त्याचे वजन कळते.