पस्तिसाव्या रस्त्यावरचं घर



खून कुणी केला हे एकदा कळलं, की रहस्यकथेत उरतं काय, असं पुष्कळ जण विचारतात. माझ्या कपाटात अमेरिकन लेखक रेक्स स्टाऊट यांच्या काही कादंबऱ्या आहेत. प्रत्येकीतला खुनी मला ठाऊक आहे. तरी पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी मी त्यांतली एक काढतो आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसतो. आज बोलायचंय ते या ‘पुन्हा’बद्दल.

न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या पस्तिसाव्या रस्त्यावर, तपकिरी दगडाचं एक जुनं घर. घराचा नंबर पुस्तकागणिक बदलतो, पण दारापुढच्या सात पायऱ्या बदलत नाहीत. इथे नीरो वुल्फ नावाचा डिटेक्टिव्ह राहतो. वजन एका टनाचा सातवा हिस्सा, म्हणजे सुमारे १३० किलो. अगदीच नाइलाज झाल्याशिवाय तो कामासाठी उंबरा ओलांडत नाही. वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली, त्याने दहा हजार ऑर्किड वाढवली आहेत. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा तो त्यांच्यात असतो. त्या वेळात अशील कितीही मोठा असो, त्याने थांबायचं. जेवताना धंद्याची गोष्ट काढायची नाही. मात्र जेवणवेळी घरात असलेला माणूस उपाशी राहता कामा नये, मग तो संशयित का असेना.

या विक्षिप्तपणाच्या मुळाशी काय आहे, हे १९६२ सालच्या एका कादंबरीच्या सुरुवातीलाच दिसतं. वडील खुनाच्या आरोपाखाली अटकेत आहेत म्हणून एक मुलगी मदत मागायला आली आहे. आणि वुल्फ? तो शेकोटीपुढे बसून एका नव्या, जाडजूड शब्दकोशाची पानं फाडून जाळतोय. शब्दकोशाचा गुन्हा असा, की ‘सुचवणं’ आणि ‘ताडणं’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द एकमेकांच्या जागी चालतील, असं त्यात म्हटलंय. बोलणारा सुचवतो, ऐकणारा ताडतो. साक्षीदार काय सुचवत होता आणि आपण काय ताडलं, हा फरक पुसला गेला, तर डिटेक्टिव्हने उभं राहायचं कशावर? एरवी तऱ्हेवाईक वाटलेला माणूस इथे एकदम समजतो. शब्द चोख असावा, वेळ पाळावी, पानातला पदार्थ नीट व्हावा, हा त्याचा धर्म आहे.

पण नुसता वुल्फ आपल्याला दहा पानंही सोसला नसता. तो सोसवतो त्याचा मदतनीस आर्ची गुडविन याच्यामुळे. सगळ्या कथा सांगतो तो आर्चीच. तिशी ओलांडलेला, पायाने चपळ, जिभेने त्याहून चपळ. दोन-दोन तासांचं संभाषण शब्दन् शब्द परत म्हणून दाखवणारा. बाहेरची सगळी धावपळ त्याची. वुल्फ आळशी, त्यामुळे बँकेतली शिल्लक उतरू लागली की त्याला टोचून टोचून कामाला लावायचं, हेही त्याचंच काम. भालबा केळकरांच्या अनुवादांतून आपल्याला होम्सचा वॉटसन मराठीत भेटला. १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षीबरोबर अजित घरोघरी आला. दोघंही लोभस, पण ते आपल्या मित्राकडे मान वर करून बघतात. आर्ची समोरासमोर बघतो. भांडतो, चिडवतो, नोकरी सोडून देतो आणि परत येतो.

आणि तरी एक क्षण असा येतो. वुल्फ खुर्चीत मागे रेलतो, डोळे मिटतो. ओठ पुढे काढतो, आत घेतो. पुढे, आत. डोक्यात गाठ सुटू लागल्याची ही खूण. एरवी गप्प न बसणारा आर्ची तेव्हा अवाक्षर काढत नाही. फार तर घड्याळाकडे बघून मिनिटं मोजतो. त्याची सगळी माया मला त्या गप्प बसण्यात दिसते. वुल्फची माया दिसते एका शब्दात. आर्चीने जिवावर उदार होऊन काम फत्ते केलं, की तो एवढंच म्हणतो, ‘समाधानकारक’. आर्चीला तेवढं पुरतं, कारण हा माणूस शब्द सैल वापरत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

१९३४ ते १९७५, अशी एकेचाळीस वर्षं स्टाऊट हे घर लिहीत राहिले. त्या काळात महायुद्ध येऊन गेलं, राष्ट्राध्यक्ष बदलले. पण वुल्फ आणि आर्ची यांचं वय वाढलं नाही. वर्षांमागून वर्षं दोघं एका छपराखाली राहिले, पण दुसऱ्याला बदलून आपल्यासारखं करावं, असं कुणालाच वाटलं नाही. माझ्या मते त्या घराची ओढ आहे ती यामुळे. आपल्या घरांतही एखादा काका असतो, एखादी आत्या असते, जिच्या तऱ्हा सांभाळून घेणारं माणूस शेजारी उभं असतं. तऱ्हा आपण सगळ्यांना सांगतो. सांभाळणाऱ्याचं नाव घ्यायचं मात्र राहून जातं. स्टाऊट यांनी त्यालाच कथा सांगायला बसवलं.

म्हणून खुनी ठाऊक असूनही मी पुस्तक उघडतो. अकराला दोन मिनिटं कमी असतात. आर्ची आपल्या टेबलाशी बसून टपाल फोडत असतो. आता वरून लिफ्ट कुरकुरत खाली येईल, हे त्याला माहीत असतं, आणि मलाही.