नेवाशाच्या पांढरीतली रोमन खापरं

प्रवरेकाठचं नेवासं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तिथल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, १९५४ ते ५६ दरम्यान डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळियांनी उत्खनन केलं, आणि सापडली चक्क रोमन खापरं! दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या अँफोरा कुंभांची. त्यांतून द्राक्षाची दारू यायची. अशा खापराच्या तुटलेल्या कडेत काळे, चकाकणारे कण दिसले, तर माती बहुधा व्हेसुव्हियसच्या परिसरातली.

हे कुंभ इतक्या आत कसे पोचले? बंदरातून व्यापारी वाटांनी: भडोच ते पैठण वीस दिवसांची वाट, असं ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंदलंय. मग नेवाशात रोमन राहत होते? छे, दारू परदेशी म्हणून पिणारा परदेशी ठरत नाही!

तुमच्या गावच्या पांढरीत खापर दिसलं, तर उचलू नका. ते कुठल्या थरात, कशाशेजारी पडलंय, यावरून त्याचा काळ ठरवायला मदत होते.