कोंडा आणि पाच मिनिटं

काळा सदरा घातला की खांद्यावर पांढरा भुगा दिसतो. भुवयांत, नाकाच्या कडेला लालसर, तेलकट पापुद्रे सुटतात. डॉक्टर याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. हा अस्वच्छपणाचा रोग नव्हे आणि कंगव्यातून दुसऱ्याला लागतही नाही. मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते, त्वचेतल्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला ती सोसत नाही, इतकंच.

म्हणूनच, आजीची माफी मागून सांगतो, कोंड्यावर रात्रभर तेल चोपडणं उलटं पडू शकतं. डॉक्टर बहुधा २ टक्के किटोकोनॅझोलचा शॅम्पू देतात. लावला आणि लगेच धुतला, तर पैसे पाण्यात! टाळूला चोळून ३ ते ५ मिनिटं थांबा, मग धुवा. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. पुढेही एक-दोन आठवड्यांनी एकदा लावायचा, कारण हा आजार आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही. थंडीत, परीक्षेच्या ताणात पुन्हा डोकं वर काढतो.

आणि औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणलेलं स्टिरॉइडचं मलम चेहऱ्यावर लावत राहू नका. त्याने त्वचा पातळ होते.