ग्रीन कार्डाची रांग आणि तीन पिढ्यांचे घर

(पालकांच्या एका मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



पुण्याचे कोथरूड घ्या, डोंबिवली घ्या, नाशिक घ्या वा नागपूरची धरमपेठ घ्या. मध्यमवर्गीय वस्तीतील प्रत्येक इमारतीत एक-दोन घरे तरी अशी सापडतात की, ज्यांतील मुलगा वा मुलगी अमेरिकेत नोकरीला आहे. त्या घरांत एक वाक्य हमखास कानी पडते : 'डेट अजून करंट झाली नाही.' ज्या आजीला इंग्रजीचा गंध नाही, तिलाही 'डेट' हा शब्द ठाऊक असतो. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरात पाहावा, तशी ही घरे दर महिन्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे व्हिसा बुलेटिन पाहतात. तारीख पुढे सरकली की घरात पेढे. मागे गेली की शांतता. ही तारीख म्हणजे नेमके काय आणि तिने आपल्या कुटुंबांना कुठे आणून ठेवले आहे, याचा शांतपणे विचार करणे हा आजचा विषय आहे.

नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड, म्हणजे स्थायी निवासाचा परवाना, मिळण्याच्या सामान्यतः तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी श्रम खात्याची. या कामासाठी पात्र अमेरिकी माणूस उपलब्ध नाही, हे नोकरी देणाऱ्याने जाहिरात देऊन दाखवायचे. दुसरी पायरी आय-१४० या अर्जाची. तोही कंपनीनेच करावयाचा. तिसरी पायरी आय-४८५, म्हणजे स्थायी निवासाचा प्रत्यक्ष अर्ज. पहिल्या पायरीचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, तो दिवस त्या माणसाची 'प्रायॉरिटी डेट' ठरतो. रांगेतील त्याचा क्रमांक म्हणजे ही तारीख. पहिल्या दोन पायऱ्या काही महिन्यांत वा दोन-तीन वर्षांत पार होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये मात्र एक दरी आहे आणि त्या दरीत आज लाखो भारतीय कुटुंबे उभी आहेत.

ही दरी कशी पडली? १९९० साली अमेरिकेने केलेल्या कायद्याने नोकरीच्या आधारे दरवर्षी सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे ठरविली. पत्नी आणि मुले यांचाही समावेश याच संख्येत होतो. म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या वाट्याला यातील निम्म्याच्या आसपास येतात. त्यातही कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक नाहीत. ज्या दुसऱ्या श्रेणीत, ईबी-२ मध्ये, आपले बहुसंख्य अभियंते येतात, तिचा वाटा ४० हजारांचा. त्याचे सात टक्के म्हणजे जेमतेम २,८००. इतर देशांच्या जागा उरल्या तर त्या जुन्या अर्जदारांना मिळतात, हे खरे; पण उरलेल्या जागांवर पिढी उभी राहत नाही. चार लाखांचा आइसलंड आणि १४० कोटींचा भारत या दोघांना एकच माप!

परिणाम काय झाला, तो एका बुलेटिनवरून पाहा. ऑक्टोबर २०२५मध्ये या दुसऱ्या श्रेणीत बहुतेक देशांच्या अर्जदारांसाठी १ डिसेंबर २०२३पूर्वीची तारीख चालत होती. भारतात जन्मलेल्यांसाठी १ एप्रिल २०१३पूर्वीची. एकाच कार्यालयात शेजारी-शेजारी बसणाऱ्या, एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाने दोन वर्षे थांबायचे आणि दुसऱ्याने साडेबारा. आणि ही साडेबारा वर्षे रांगेच्या डोक्याशी असलेल्याची आहेत. शेपटीकडच्याचे काय? वॉशिंग्टनमधील केटो इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२३मध्ये केलेल्या हिशेबानुसार नोकरीच्या रांगेत सुमारे १८ लाख जण होते. त्यांपैकी सुमारे ११ लाख भारतीय. आणि नव्याने उभे राहणाऱ्या भारतीयाची प्रतीक्षा १३४ वर्षांची! ज्या प्रतीक्षेच्या शेवटी अर्जदार हयात असण्याची शक्यता नाही, तिला प्रतीक्षा म्हणावे काय?

यातील सर्वांत विपरीत गोष्ट अशी की, कायदा नागरिकत्व पाहत नाही, जन्मस्थान पाहतो. समजा, दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला सांगलीत जन्मला. वडील नोकरीनिमित्त मस्कतला असताना धाकटा तेथे जन्मला. दोघे एकाच महाविद्यालयात शिकले, एकाच वर्षी अमेरिकेला गेले. धाकटा ओमानच्या रांगेत, ती जवळपास रिकामी. थोरला भारताच्या रांगेत. धाकट्याला काही वर्षांत ग्रीन कार्ड मिळेल. थोरल्याच्या मुलांना मिसरूड फुटेल, तरी त्याची तारीख यायची नाही. गुणवत्तेसाठी म्हणून काढलेल्या रांगेत हे प्रसूतिगृहाचे गाव का मोजावे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही.

येथे एक गोष्ट स्वच्छपणे मान्य केली पाहिजे. आपल्या देशात कोणाला आणि किती जणांना घ्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. तो आपण आपल्या सीमांबाबत मागतो, तर अमेरिकेला नाकारता येणार नाही. अमेरिकेने तो भारतीयांविरुद्ध पूर्वी कठोरपणे वापरलाही आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. १९४६ साली दार किलकिले झाले, ते वर्षाला शंभर भारतीयांपुरते. १९६५च्या कायद्याने वंश आणि देश पाहून ठरविलेले जुने कोटे मोडले आणि आपल्या डॉक्टर-अभियंत्यांची पहिली मोठी पिढी तेथे गेली. तेव्हा तक्रार 'आम्हाला का घेत नाही' ही नाही. तक्रार अशी की, ज्याला निवडले, ज्याच्या हातून वीस वर्षे काम घेतले, कर घेतला, त्याला 'तू येथला की नाही' याचे उत्तर मात्र दिले नाही.

हे वीस वर्षे कसे चालते? एच-१बी व्हिसाला मुळात सहा वर्षांची मर्यादा होती. ऑक्टोबर २०००मध्ये झालेल्या कायद्याने रांगेत अडकलेल्यांना ती पुनःपुन्हा वाढवून घेण्याची सोय केली. सोय मोठी होती, पण तिच्यामुळेच तात्पुरता मुक्काम आयुष्यभराचा होऊ लागला. घर घेतले, मुले शाळेत रमली, मराठी शाळेत आणि गणेशोत्सवात कुटुंब मिसळून गेले. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना जाणे-येणे सुरू झाले. आणि तरीही नोकरी गेली तर या माणसाला सामान्यतः साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचे. २०२२-२३मध्ये मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी नोकरकपात केली, तेव्हा हे साठ दिवस कित्येक मराठी घरांनी अक्षरशः बोटांवर मोजले.

या प्रतीक्षेचा भार केवळ अर्जदारावर पडत नाही. तो तीन पिढ्यांवर पडतो.

पहिला भार पत्नीवर, काही घरांत पतीवर. एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला अनेक वर्षे कामाची परवानगीच नव्हती. येथे बँकेत, महाविद्यालयात, रुग्णालयात मानाने काम करणाऱ्या मुली तेथे स्वयंपाकघरात अडकल्या. मे २०१५पासून ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर आहे, अशांना परवाना मिळू लागला. तोही स्वतःच्या पायावर नव्हे, जोडीदाराच्या अर्जावर. हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो, ते २०१७ साली दिसले. २२ फेब्रुवारीला कॅन्सस राज्यातील ओलेथे येथे श्रीनिवास कुचिभोटला या हैदराबादच्या ३२ वर्षांच्या अभियंत्याची वंशद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. अंत्यसंस्कारासाठी त्याची पत्नी भारतात आली आणि पतीबरोबर तिचा अमेरिकेत राहण्याचा हक्कही संपला. तेथील एका लोकप्रतिनिधीने धावपळ केली, म्हणून ती परतू शकली. पती गेल्याचे दुःख कमी होते म्हणून की काय, कायद्याने तिला घरातूनही काढले.

दुसरा भार मुलांवर. दोन वर्षांचे असताना नेलेले मूल तेथेच वाढते, तेथलेच होते. पण ते २१ वर्षांचे झाले की आई-वडिलांच्या अर्जावरचा त्याचा हक्क संपतो. २००२च्या एका कायद्याने थोडी सवलत दिली. अर्जाच्या छाननीत गेलेले दिवस वयातून वजा होतात. रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. मग त्या मुलाने परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा घ्यायचा, नाहीतर ज्या भारताला त्याने फक्त सुट्टीत पाहिले, तेथे एकट्याने परतायचे. धाकटी बहीण तेथे जन्मल्याने अमेरिकी नागरिक, थोरला भाऊ पाहुणा. अशी घरे आज कमी नाहीत.

तिसरा भार येथे, आपल्या शेजारी राहतो. तो म्हणजे आई-वडील. भारतात आल्यावर पासपोर्टवर पुन्हा शिक्का मिळेल की नाही, या धास्तीने मुलगा येणे लांबणीवर टाकतो. २०२०मध्ये महामारीमुळे वकिलाती बंद झाल्या आणि २४ जूनपासून राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नव्या एच-१बी आणि एच-४ प्रवेशांवर बंदी आली. ती ३१ मार्च २०२१पर्यंत टिकली. वडिलांच्या अंत्यदर्शनासाठी आलेले काही जण येथे अडकले आणि त्यांची मुले तेथे. ते पाहिल्यावर पुढच्यांनी येणेच टाळले. चिरंजीवाने मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेला अग्निसंस्कार हे या रांगेचेच एक रूप आहे.

मग काही केले नाही काय? केले, आणि सभ्यपणे केले. जुलै २००७चे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या महिन्यात जवळपास सर्वांच्या तारखा खुल्या होतील, असे जून महिन्यात जाहीर झाले. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांचे पैसे भरले, प्रवास रद्द केले. २ जुलैला सरकारने सांगितले, जागा संपल्या. आदल्या वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई' प्रदर्शित झाला होता. या मंडळींनी निषेध म्हणून इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. संचालकांनी ते जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठविले. १४ जुलैला सॅन होजेला शांत मोर्चा निघाला. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरविला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. ग्रीन कार्डे लगेच मिळाली नाहीत. पण तिसऱ्या पायरीचा अर्ज दाखल झाल्याने जोडीदाराला कामाचा परवाना आणि स्वतःला नोकरी बदलण्याची मोकळीक मिळाली.

कायदा बदलण्याचे प्रयत्न मात्र काठावरून परतले. देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २०११मध्ये ३८९ विरुद्ध १५ आणि जुलै २०१९मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटनेही आपले विधेयक संमत केले. पण दोन मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि मुदत संपली. मर्यादा उठली तर आपली प्रतीक्षा वाढेल, ही इतर देशांच्या अर्जदारांची भीतीही खोटी नाही. एकूण संख्या वाढविल्याशिवाय एकाचा न्याय दुसऱ्याची अडचण ठरतो. आणि प्रशासनाचा गलथानपणा आहेच. सप्टेंबर २०२१मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कुटुंब श्रेणीतील न वापरलेल्या जागा मिळाल्याने नोकरीची ग्रीन कार्डे २ लाख ६२ हजारांवर गेली होती. त्यांतील साठ हजारांहून अधिक वेळेत वाटलीच गेली नाहीत आणि बुडाली.

तर मग घराने काय करावे? पहिली गोष्ट, आकड्यांकडे डोळे उघडून पाहावे. आज जाणाऱ्या मुलाने 'पाच-सहा वर्षांत होऊन जाईल' या जुन्या पिढीच्या अनुभवावर बेत आखू नये. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा आदेश निघाला. दाराची रुंदी एका सहीने बदलते, हे त्याने पुन्हा दाखविले. दुसरी गोष्ट, रांगेत आहोत म्हणून मालकाचे वेठबिगार झालो, असे समजू नये. आय-१४० मंजूर झाल्यावर नोकरी बदलली तर पहिल्या दोन पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात, पण जुनी तारीख सहसा कायम राहते. हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते अपमान गिळत राहतात. तिसरी गोष्ट, मूल सोळा-सतरा वर्षांचे झाले की त्याच्याशी हा विषय मोकळेपणाने बोलावा. विसाव्या वाढदिवसाला धक्का देऊ नये. चौथी गोष्ट, परतण्याची वाट मनातून बंद करू नये. परत आलेला मुलगा हरून आलेला नसतो. त्याने आयुष्याच्या मधल्या वर्षांचा हिशेब करून निर्णय घेतलेला असतो.

आणि शेवटची गोष्ट आपणा सर्वांसाठी, जे येथे आहोत. लग्नकार्यात भेटलेल्या आई-वडिलांना 'मुलाचे ग्रीन कार्ड झाले का?' हा प्रश्न विचारणे आपण थांबवू या. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हाती नाही, मुलाच्याही नाही. त्याऐवजी त्यांच्या औषधांची यादी कोणाकडे आहे, रात्री दोन वाजता त्यांनी कोणाला दूरध्वनी करावा आणि रुग्णालयात त्यांच्यासोबत कोण जाईल, हे विचारावे. प्रत्येक वस्तीत अशी दहा-वीस घरे असतील. चार कार्यकर्त्यांनी ती वाटून घेतली, महिन्यातून एकदा दारावरची घंटा वाजविली, तर वॉशिंग्टनची तारीख सरकणार नाही. पण त्या मुलाला तेथे रात्री झोप लागेल. तेवढे तरी आपल्या हाती आहे आणि ते उद्यापासून करता येईल.